मधली सुट्टी वर्गाबाहेर: तैवानच्या शाळांनी चष्म्याचा चढता आलेख कसा वळवला

तैवानमध्ये 1983 साली देशभरातल्या शाळकरी मुलांचे डोळे तपासले, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 64 टक्के मुलांना लांबचा नंबर (लांबचे अंधूक दिसणे, म्हणजे उणे नंबर) निघाला. हे साल नीट लक्षात ठेवावे. तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल नव्हता, टॅब नव्हता, इंटरनेट नव्हते. आज घरोघरी मुलाला चष्मा लागला की पहिला आरोप मोबाइलवर होतो. तो अगदी निराधार नाही, पण अपुरा आहे, आणि तैवानचे आकडे ते स्पष्ट दाखवतात.

पुढे दर काही वर्षांनी असे सर्वेक्षण होत राहिले. 1983 ते 2000 या काळात सात वर्षांच्या मुलांतले प्रमाण 5.8 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर गेले, बारा वर्षांच्या मुलांत 36.7 वरून 61 वर, तर पंधरा वर्षांच्या मुलांत 64.2 वरून 81 वर. यातला सात वर्षांच्या मुलांचा आकडा सर्वांत काळजीचा. पंधराव्या वर्षी सुरू झालेला नंबर दोन-तीनवर थांबू शकतो. सातव्या वर्षी सुरू झालेल्या नंबराला वाढायला आणखी दहा-बारा वर्षे मिळतात. त्याचा परिणाम त्याच सर्वेक्षणात दिसतो: अठरा वर्षांच्या तरुणांत उणे सहापेक्षा जास्त नंबर असणारे 10.9 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर गेले.

उणे सहा म्हणजे काय, हे अंतराच्या भाषेत पटकन कळते. उणे एक नंबर असलेल्याला चष्म्याविना एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे दोन असलेल्याला अर्ध्या मीटरपर्यंतचे आणि उणे सहा असलेल्याला जेमतेम 17 सेंटीमीटरपर्यंतचे. चष्म्याने दृष्टी भरून निघते, म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण नंबर हे वरवरचे लक्षण आहे. खरा बदल नेत्रगोलाच्या लांबीत झालेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. तो गरजेपेक्षा एक मिलिमीटर लांबला की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, आणि त्याच्या आतला पडदा ताणला जाऊन पातळ होतो. पुढे चाळिशी-पन्नाशीत पडदा सुटणे, पडद्याच्या मध्यभागाची झीज, काचबिंदू यांचा धोका त्यामुळेच वाढतो. लेझरने नंबर घालवला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, आणि धोकाही. त्यामुळे नंबर काढून टाकण्यापेक्षा तो उशिरा सुरू होणे जास्त मोलाचे.

दिवा, पुस्तक आणि अंतर

तैवानचे शासन हातावर हात धरून बसले नव्हते. दर सहामाहीला शाळेतली परिचारिका प्रत्येक मुलाची दृष्टी तक्त्यावर तपासते, कमी भरलेल्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवते आणि आकडे शिक्षण खात्याकडे जातात. 1999 पासून शाळकरी मुलांच्या दृष्टिरक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रमही होता. त्यात सांगितलेल्या गोष्टी आपल्याकडेही आज सांगितल्या जातात: पुस्तक डोळ्यांपासून हातभर दूर धरा, बाकावर पुरेसा उजेड ठेवा, अर्धा तास वाचले की दहा मिनिटे डोळ्यांना विश्रांती द्या.

सल्ला चुकीचा नव्हता. वीस सेंटीमीटरवर पुस्तक धरून तासभर न हलता वाचणे डोळ्यांना घातकच. तरीही आलेख चढतच राहिला. प्राथमिक शाळेच्या सहा इयत्तांत चष्म्याविना दृष्टी कमी असलेली मुले 2001 मध्ये 34.8 टक्के होती, 2011 मध्ये बरोबर 50 टक्के. म्हणजे जवळचे काम नीट करवून घेणे एवढ्यानेच भागत नव्हते.

सिडनीहून आलेला धागा

2008 साली एक तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची. वंश एक, वय एक, आई-वडिलांच्या चष्म्यांचे प्रमाणही फारसे वेगळे नाही. पण सिंगापुरात 29.1 टक्के मुलांना लांबचा नंबर आणि सिडनीत 3.3 टक्के. सिडनीतली मुले पुस्तके कमी वाचत असतील, असे कुणालाही वाटेल. उलट ती जास्त वाचत होती. फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत: सिडनीतली मुले आठवड्याला 13.75 तास उघड्यावर असत, सिंगापुरातली 3.05 तास.

सिडनीच्याच पाहणीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघाली. बंदिस्त सभागृहात खेळणाऱ्या मुलांना खेळाचा असा फायदा दिसला नाही. म्हणजे डोळ्याला उपयोग धावण्या-उड्यांचा नव्हता, उघड्यावरच्या उजेडाचा होता. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये घातलेला तास तब्येतीला चांगला, पण या हिशेबात तो धरता येत नाही.

कावशुंगच्या दोन शाळा

दक्षिण तैवानमधल्या कावशुंग शहरातल्या चांग गुंग रुग्णालयाचे नेत्रतज्ज्ञ वू पेई-चांग यांनी हा धागा शाळेच्या वेळापत्रकात ओवला. उपनगरातल्या जवळजवळच्या दोन शाळा निवडल्या. 7 ते 11 वयाची 571 मुले. एका शाळेत 333, दुसरीत 238. फेब्रुवारी 2009 पासून एक वर्ष पहिल्या शाळेत एकच बदल केला: सुट्टी झाली की मुलांनी वर्गाबाहेर पडायचे.

इतका साधा बदल करायची वेळ का आली, हे समजायला तिथली शाळा डोळ्यांसमोर आणावी लागते. चाळीस मिनिटांचा तास, मग दहा मिनिटांची सुट्टी, सकाळच्या सत्रात एक मोठी सुट्टी. दिवसभरातल्या सगळ्या सुट्ट्यांची बेरीज 80 मिनिटे. कागदावर ही 80 मिनिटे आधीपासून होतीच. पण मुले त्यातली बरीचशी बाकावरच घालवत: राहिलेला गृहपाठ, चित्रांची पुस्तके, गप्पा. शिक्षकांनाही ते बरे वाटे, कारण वर्गात बसलेले मूल पडत नाही. शाळा सुटल्यावर खासगी शिकवणी, आणि तिथून घरी पोचेपर्यंत अंधार. बाहेर पडायला सुट्टीखेरीज वेळच उरलेला नव्हता. आठवड्याचे पाच दिवस 80 मिनिटे म्हणजे 6.7 तास. नवा तास न घालता, अभ्यासाचे एक मिनिट न कापता मिळालेले.

वर्षअखेर दोन्ही शाळांची तुलना झाली. आधी नंबर नसलेल्या मुलांपैकी बाहेर जाणाऱ्या शाळेत 8.41 टक्के मुलांना वर्षभरात नवा नंबर लागला, शेजारच्या शाळेत 17.65 टक्के मुलांना. म्हणजे निम्म्याहून कमी. सर्व मुलांचा नंबर वर्षभरात सरासरी किती सरकला, ते पाहिले तर पहिल्या शाळेत उणे 0.25 आणि दुसरीत उणे 0.38. दोनच शाळा, आणि चिठ्ठी टाकून निवडलेल्या नव्हत्या, ही या प्रयोगाची मर्यादा. पण चीनमधल्या ग्वांगझूमध्ये बारा शाळांत चिठ्ठ्या टाकून, रोज 40 मिनिटांचा जादा तास उघड्यावर ठेवून तीन वर्षे प्रयोग झाला, तेव्हा नव्याने नंबर लागण्याचे प्रमाण 39.5 ऐवजी 30.4 टक्के आले. आकडा लहान, दिशा तीच.

सप्टेंबर 2010: रोज 120 मिनिटे

तैवानने ग्वांगझूच्या निकालाची वाट पाहिली नाही. सप्टेंबर 2010 मध्ये ‘रोज 120 मिनिटे बाहेर’ हा कार्यक्रम देशभरातल्या प्राथमिक शाळांत सुरू झाला. जुना सल्ला सोडून दिला नाही, त्यालाच तिसरा आकडा जोडला: 30 मिनिटे जवळचे काम, 10 मिनिटे विश्रांती आणि दिवसाला 120 मिनिटे बाहेर.

120 मिनिटांची बेरीज कशी होते, हे पाहण्यासारखे आहे, कारण ‘दोन तास’ म्हटल्यावर पालकांच्या डोळ्यांसमोर सलग दोन तास येतात आणि ते तिथेच नाद सोडतात. सुट्ट्यांतून 80 मिनिटे आली की शाळेच्या दिवशी उरतात फक्त 40. त्यातली वीस मिनिटे शाळेत चालत जाण्या-येण्यात निघतात. खेळाचा तास मैदानावर झाला, किंवा परिसर अभ्यासाचा एखादा तास झाडाखाली घेतला, की उरलेली भरतात. मोडते ते शनिवार-रविवारी. शाळेचे आयते मिळालेले 80 मिनिटे तेव्हा नसतात, आणि आठवड्याच्या 14 तासांतले चार तास या दोन दिवसांवर येतात.

निकाल आले ते दर सहामाहीच्या तपासणीतून, वर्षाला 12 ते 19 लाख मुलांच्या नोंदींतून. 2011 च्या 50 टक्क्यांनंतर 2012 मध्ये 49.4 आणि पुढे उतरत 2015 मध्ये 46.1. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्याआधीची दहा वर्षे प्रमाण दरवर्षी सुमारे दीड टक्क्याने वाढत होते. तोच वेग राहिला असता तर 2015 मध्ये आकडा 56 च्या आसपास गेला असता. वाढ काही ना काही मंदावली असती, हे मान्य केले तरी दशकभर चढणारी रेघ नेमकी कार्यक्रमानंतर खाली वळते, याला वजन आहे.

इथे दोन शंका घ्यायलाच हव्यात. पहिली, शाळेतल्या तक्त्यावर दृष्टी मोजली जाते, नंबर नव्हे. 6/7.5 (निरोगी डोळा साडेसात मीटरवरून वाचतो ती ओळ सहा मीटरवरूनच वाचता येणे) किंवा त्याहून कमी वाचणारे मूल ‘कमी दृष्टी’त मोडते, मग कारण लांबचा नंबर असो वा दुसरे काही. त्या वयात बहुतेकांचे कारण लांबचा नंबरच असतो, तरी मोजमाप ढोबळच. दुसरी शंका जास्त गंभीर. तैवानमधले नेत्रतज्ज्ञ नंबर वाढू नये म्हणून ॲट्रोपिनचे थेंब पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर देत आले आहेत. त्याचा वाटा या उतारात असेल का? ॲट्रोपिन दिले जाते ते मुख्यतः नंबर लागलेल्या मुलांना; त्याने नंबराची वाढ मंदावते. शाळेचा आकडा मोजतो तो किती मुले ‘कमी दृष्टी’त आली ते. शिवाय ही औषधे 2000 च्या दशकातही वाढतच होती आणि तेव्हा आलेख चढत होता. म्हणून उताराचे मुख्य श्रेय बाहेरच्या वेळेला देणे आम्हाला योग्य वाटते, सगळे श्रेय देणे नाही.

डोळ्यात काय घडते

उजेड लक्स या एककात मोजतात. वर्गात बाकावर साधारण 300 ते 500 लक्स उजेड असतो. संध्याकाळी दिवाणखान्यात दीड-दोनशेच. बाहेर झाडाच्या सावलीत काही हजार, निरभ्र दुपारी उघड्यावर एक लाखापर्यंत. आपली बाहुली आकुंचन पावते आणि पडदाही उजेडाला जुळवून घेतो, म्हणून आपल्याला खोली ‘छान उजेडाची’ वाटते. पडद्यापर्यंत पोचणारा फरक मात्र मोठा असतो. प्रखर उजेडात पडद्यातल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन सोडतात, आणि डोपामिन नेत्रगोलाच्या लांबण्याला आवर घालते. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत 15,000 लक्स उजेडाने डोळ्याचे लांबणे मंदावले आणि डोपामिनला अडवणारे औषध दिल्यावर तो फायदा नाहीसा झाला. लांबवर मोकळी नजर जाते, याचाही काही हातभार असेल, पण सर्वांत भक्कम पुरावा उजेडाचाच आहे.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट म्हणजे मुलाला उन्हात तापवायची गरज नाही. वू यांच्या गटाने 2018 मध्ये सोळा शाळांतल्या पहिलीच्या 693 मुलांवरचा पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. यावेळी लक्ष्य आठवड्याला 11 तास होते आणि मुलांच्या अंगावर उजेड मोजणारी छोटी उपकरणे होती. शाळेच्या वेळात आठवड्याला 200 मिनिटे किंवा जास्त वेळ 1000 लक्सहून अधिक उजेडात राहिलेल्या मुलांचा नंबर कमी सरकला. 1000 लक्स झाडाखाली मिळतात, इमारतीच्या सावलीतही मिळतात, एका बाजूने उघड्या असलेल्या व्हरांड्यातही बहुधा मिळतात. कावशुंग नंदुरबार-नागपूरच्या थोडे उत्तरेला, कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. तिथले ऊन आपल्याला अनोळखी नाही. टोपी घातली तरी डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त राहतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत आणि साडेचारनंतर, बाकीचा वेळ सावलीत, एवढे पथ्य पुरते.

शंका असेल तर मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने जागा पडताळून पाहावी. आकडा काटेकोर नसतो, पण 200 आणि 4000 यांतला फरक कळायला पुरेसा असतो. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मूल ज्या दिशेला पाहते त्या दिशेला धरावा. आकाशाकडे धरला तर आकडा फुगतो. खिडकीशेजारच्या खुर्चीचा भरवसा धरू नये. काचेला लागून बरा उजेड असतो, दोन-तीन मीटर आत आले की काहीशे लक्सच उरतात.

कुठे फसते

सर्वांत जास्त वेळा ते फसते सुट्टीतच. तास पाच मिनिटे लांबतो, दहा मिनिटांच्या सुट्टीतली पाच जिन्यात जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे मूल खाली उतरेपर्यंत घंटा होते. म्हणून खालच्या इयत्ता तळमजल्यावर ठेवणे हा या कार्यक्रमातला बिनखर्चाचा आणि बहुधा सर्वांत उपयोगी बदल आहे. ते शक्य नसेल तर दोन छोट्या सुट्ट्या जोडून एक वीस मिनिटांची करावी. डबा वर्गात खाण्याऐवजी आवारात झाडाखाली खाल्ला, तर मधल्या सुट्टीतला निम्मा वेळ आपोआप बाहेर जातो. सुट्टीत वर्गात थांबवून राहिलेले लिहून घेण्याची शिक्षा बंद करावी, कारण त्यात अडकणारी मुले रोज तीच असतात.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न रास्त आहे. ढगाळ दिवशीही बाहेर बहुतेक वेळा 1000 लक्सहून कितीतरी अधिक उजेड असतो. उघडीप मिळाली की बाहेर काढणे आणि झड लागली की व्हरांडा, एवढेच करता येते. सूर्यास्तानंतर बागेत नेणे या हिशेबात धरू नये. सोसायटीच्या आवारात साडेसातला खेळणारी मुले खेळतात, पण डोळ्याला हवा तो उजेड तोपर्यंत मावळलेला असतो.

घरच्यांची अडचण निराळी. मूल काळवंडेल, पडेल, अभ्यास राहील. तैवानमध्येही ही तिन्ही कारणे होती, आणि म्हणूनच हे काम पालकांवर न सोडता शाळेच्या वेळापत्रकात घातले गेले. पालकांना फक्त सल्ला देऊन काय होते, ते आधीच्या दशकात दिसले होते.

एक गैरसमज मात्र वेळीच दूर करायला हवा. नंबर लागून गेलेल्या मुलाचा चष्मा उन्हात खेळून उतरत नाही. वू यांच्या 2018 च्या प्रयोगात आधीपासून नंबर असलेल्या मुलांतही वाढ थोडी मंदावलेली दिसली, उणे 0.79 ऐवजी उणे 0.57, पण सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर नंबर लागल्यानंतरचा फायदा कमकुवत आहे. अशा मुलाला पूर्ण नंबराचा चष्मा रोज वापरू द्यावा. ‘कमी नंबर दिला तर डोळ्याला सवय लागणार नाही’ म्हणून मुद्दाम कमी नंबर देण्याची जुनी पद्धत मलेशियातल्या 2002 च्या प्रयोगात उलटी पडली: कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर जास्त वेगाने वाढला. वाढ वेगाची असेल तर कमी मात्रेचे ॲट्रोपिन किंवा खास भिंगे यांविषयी नेत्रतज्ज्ञाशी बोलावे. बाहेर खेळणे त्या उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

आपल्याकडे प्रमाण अजून तैवानइतके नाही. दिल्लीतल्या 9,884 शाळकरी मुलांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 13.1 टक्के मुलांना लांबचा नंबर होता, आणि आठवड्याला 14 तासांहून जास्त बाहेर असणाऱ्यांत तो कमी आढळला. बाहेरचा वेळ अचानक काढून घेतला तर काय होते, याचे उदाहरण 2020 च्या टाळेबंदीत मिळाले. चीनमधल्या फेइचेंग शहरात सहा वर्षांच्या मुलांत लांबच्या नंबराचे प्रमाण 2015 ते 2019 मध्ये जास्तीत जास्त 5.7 टक्के होते. घरात कोंडलेल्या काही महिन्यांनंतर ते 21.5 टक्के भरले.

बालवाडीपर्यंत मागे

तैवानमधला सर्वांत ठळक निकाल प्राथमिक शाळेतला नाही, बालवाडीतला आहे. यीलान या ईशान्येकडच्या जिल्ह्यात 2014 पासून बालवाड्यांत 120 मिनिटांचा नियम आणि मोठ्या शिशूच्या मुलांची डोळ्यांत थेंब घालून तपासणी सुरू झाली. पाच-सहा वर्षांच्या मुलांत लांबच्या नंबराचे प्रमाण 2014 मध्ये 15.5 टक्के होते, 2015 मध्ये 13.5 आणि 2016 मध्ये 8.4.

थेंब घालण्याला इथे कारण आहे. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग तपासणीच्या वेळीही सहज जवळचे पाहण्याच्या स्थितीत जाते, आणि थेंबांनी ते सैल होते. थेंबाविना यंत्रावर नंबर काढला तर नसलेला उणे नंबर दिसू शकतो, किंवा असलेला जास्त दिसतो. थेंब घालून पाहिले की सहा वर्षांच्या निरोगी डोळ्यात उलट थोडा अधिक (प्लस) नंबर निघतो, आणि तो दोष नव्हे, शिल्लक आहे. डोळा वाढत जातो तशी ही शिल्लक खर्च होते. सहा-सात वर्षांच्या वयात ती अधिक 0.75 पेक्षा कमी उरली असेल, तर आज तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या मुलालाही पुढच्या काही वर्षांत चष्मा लागण्याची शक्यता मोठी असते. आई-वडील दोघांना चष्मा असेल तर ही तपासणी पहिलीत जाण्याआधी करून घ्यावी, कागदावर नंबर ‘थेंब घालून’ काढला आहे असे लिहून घ्यावे, आणि तो कागद पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी जपून ठेवावा.